एका मोबाईलवरच्या दोघी

दुसऱ्यांनी घालून ठेवलेले घोळ निस्तरणं हाच क्षिप्रा वर्तकचा व्यवसाय होता. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत ती डेटाबेस सांभाळायची. कुणाचं सॉफ्टवेअर रखडतंय, कुणाचा रिपोर्ट निघता निघत नाही, अशी रड आली की काम फिरत फिरत तिच्या टेबलावर येऊन थांबायचं. ती आत शिरायची, नेमकी कुठे गाठ बसली आहे ते हुडकायची आणि सोडवून मोकळी व्हायची. कामात ती वाकबगार होती आणि ते तिला चांगलं ठाऊकही होतं.

कोपरीतल्या रक्तसेवा केंद्राचं काम तिच्याकडे आलं ते कंपनीच्या समाजसेवेच्या योजनेतून. थॅलेसेमिया झालेली मुलं तिथे यायची. या मुलांच्या अंगात रक्त धड तयार होत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी त्यांना बाहेरून रक्त द्यावं लागतं, आणि ते जन्मभर. कळवा, दिवा, थेट बदलापूरपासून आया आपापल्या मुलांना घेऊन सकाळी हजर व्हायच्या. खालच्या मजल्यावर केंद्र चालवणाऱ्या ट्रस्टचीच रक्तपेढी होती, वर मुलांचे पलंग. सगळं व्यवस्थित होतं, फक्त कॉम्प्युटर सोडून. मुलाचं नाव टाकलं की स्क्रीनवर चक्र फिरायला लागायचं ते फिरतच राहायचं. नोंद उघडल्याशिवाय रक्ताच्या मागणीची चिठ्ठी छापून येत नसे आणि चिठ्ठीशिवाय खालून पिशवी येत नसे. रक्त उतरलेली ती फिकी मुलं बाकावर आईच्या मांडीवर डोकं टेकून पडलेली असायची.

पहिल्या शनिवारी क्षिप्राने लॅपटॉप जोडला, आतली रचना पाहिली आणि तिला हसूच आलं.

"हे केलंय कुणी? कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा प्रोजेक्ट वाटतोय."

मैथिली सिस्टर, म्हणजे केंद्राच्या मुख्य परिचारिका, शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी नुसतं खिडकीकडे पाहिलं. तिथे खुर्चीत पांढऱ्या झब्ब्यातले एक वृद्ध गृहस्थ बसले होते. ते उठून पुढे आले.

"मी केलंय," ते म्हणाले. "त्र्यंबक केतकर. बँकेच्या संगणक विभागात होतो. निवृत्तीनंतर जमेल तसं केलं."

क्षिप्राचे कान तापले. "सॉरी काका, म्हणजे, तसं नाही, पण..."

"अगं, बोल तू मोकळेपणी. चुकलंय म्हणूनच तर तुला बोलावलंय ना."

मग ती बोलली. खरं तर फारच मोकळेपणी बोलली. "काका, तुम्ही रुग्ण आणि रक्तदाते एकाच टेबलात, म्हणजे एकाच तक्त्यात, कोंबलेत. शिबिरात एकदा रक्त देऊन गेलेला माणूसही तिथेच, आणि इथे वर्षानुवर्षं येणारं मूलही तिथेच. एक मूल शोधायला मशीन सगळ्या दात्यांच्या दारावर टकटक करत फिरतं. तारखा साध्या अक्षरांत लिहून ठेवल्यात, त्यामुळे आधी-नंतर काही कळत नाही. आणि मुलाला दिलेल्या प्रत्येक पिशवीसाठी प्रोग्राम वेगळा प्रश्न विचारतो. वाण्याकडे दुधाला एकदा जायचं, परत यायचं, मग साखरेला जायचं, परत यायचं, मग चहापत्तीला! यादी करून एका खेपेत आणा ना."

त्र्यंबककाका चष्मा पुसत ऐकत होते. "आणि ते शोधाचं? टकटक कशी थांबवायची?"

"इंडेक्स. जाडजूड पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, तशी. नाव सूचीत बघायचं आणि थेट त्या पानावर जायचं."

"मुलं कमी होती तेव्हा याची गरजच पडली नाही," काका म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. क्षिप्राचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं; तिची बोटं कीबोर्डवर लागली होती.

तिने आधी सगळ्या माहितीची एक प्रत काढून बाजूला ठेवली. ही सवय तिला पहिल्या नोकरीपासून लागलेली. मग सूच्या बांधल्या, तारखा नीट केल्या, प्रोग्रामच्या शंभर खेपांची एक खेप केली. जेवणाच्या सुमाराला मैथिली सिस्टरांनी एका मुलाचं नाव टाकलं आणि बोट बटणावरून उचलेपर्यंत नोंद समोर हजर. सिस्टर खुर्चीत मागे टेकल्या. "अगंबाई! परत दाखव बरं." त्यांनी आणखी एक नाव टाकलं, मग उगाचच आणखी एक. केंद्रातल्या सगळ्यांनी येऊन ती गंमत बघितली. कुणीतरी खाली जाऊन सामोसे आणले.

तेवढ्यावर ती थांबली असती तर बरं झालं असतं. पण घरी डोंबिवलीला जायला अजून अवकाश होता, हात गरम होते, आणि समोरच्या टेबलातली एक गोष्ट तिला सलत होती. एकच दाता दर शिबिरात नव्याने नोंदवलेला. शिवराम भोईर एकदा एका स्पेलिंगने, पुढच्या वर्षी दुसऱ्या, त्याच्या पुढच्या वर्षी तिसऱ्याच. मोबाईल तोच, जन्मतारीख तीच, माणूस एकच. अशा दुहेरी-तिहेरी नोंदींनी टेबल फुगलं होतं. तिने एक नियम लिहिला: मोबाईल एक, जन्मतारीख एक, आडनाव एक आणि इंग्रजी नावाची पहिली दोन अक्षरं एक असतील तर तो एकच माणूस. सगळ्यात जुनी नोंद ठेवायची, बाकीच्या तिच्यात मिसळायच्या. नमुन्याला काही जोड्या काढून तिने स्वतः वाचल्या. सगळ्या अगदी खऱ्या जोड्या निघाल्या. 'के-सात' नावाचा एक रकाना होता, त्या नमुन्यांत तो सगळीकडे रिकामाच दिसला. असेल काहीतरी जुनं अडगळीतलं, असं म्हणून तिने तो सोडून दिला.

त्र्यंबककाका तेव्हा पलीकडच्याच खोलीत एका मुलाशी सापशिडी खेळत होते. विचारायला उठावं असं तिच्या मनातही आलं नाही. तिने एंटर दाबलं. टेबल चांगलंच सडपातळ झालं आणि ती खुशीत घरी गेली.

मंगळवारी सकाळी ती ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती. फोन थरथरला, मैथिली सिस्टर. तिने कापला. लगेच पुन्हा आला, तेव्हा ती बाहेर येऊन बोलली.

"क्षिप्रा, तू येऊ शकशील का? आत्ता. एक मुलगी सापडत नाहीये."

"हरवली?"

"समोर बसली आहे गं. कॉम्प्युटरमध्ये नाहीये."

रिक्षात बसल्यावर तिने फोनवरून बघायचा प्रयत्न केला, पण तीन हात नाक्याच्या गर्दीतच तिला उलगडा झाला होता. ज्या टेबलात दाते होते, त्याच टेबलात मुलंही होती. हे तिनेच काकांना बजावून सांगितलं होतं, आणि नियम चालवताना तीच ते विसरली होती. 

केंद्रात बाकावर एक बाई दोन मुलींना दोन्ही बाजूंना घेऊन बसल्या होत्या. नंदा म्हात्रे, कळव्याहून आलेल्या. मुली जुळ्या, पण चेहऱ्यांत फारसं साम्य नव्हतं: उर्वी उंच आणि गप्प, ऊर्जा बुटकी आणि बडबडी. घरात मोबाईल एकच, नंदाताईंचा. जन्मतारीख अर्थातच एक. आडनाव एक. आणि इंग्रजीत लिहिलं तर दोघींच्या नावाची पहिली दोन अक्षरंही तीच. क्षिप्राच्या नियमाने त्या दोघींची मिळून एकच उर्वी करून टाकली होती.

"आजची चिठ्ठी काढायला गेले तर एकच नाव," सिस्टर हलक्या आवाजात सांगत होत्या. "आणि त्या एका नावाखाली दोघींच्या पिशव्या. रक्तगट बी पॉझिटिव्ह. तो उर्वीचा आहे. ऊर्जाचा ओ."

क्षिप्राने स्क्रीन स्वतःकडे वळवला. "मग... खाली चुकीची मागणी..."

"गेली नाही. मी या दोघींना लंगोटात असल्यापासून ओळखते. आणि गेली असती तरी खाली प्रत्येक वेळी नमुना जुळवून बघतात, तशी पिशवी वर येत नाही. घाबरू नकोस." सिस्टरांनी तिच्याकडे खुर्ची सरकवली. "पण माझ्या जागी आज बदलीची मुलगी असती तर, हे मात्र मनात आलं बाई माझ्या."

नंदाताई उठून जवळ आल्या. "मॅडम, तुम्हीच त्या कॉम्प्युटरवाल्या ना? काय झालंय नेमकं? सिस्टर बोलतात नोंद मिक्स झाली. मिक्स म्हणजे काय? माझ्या ऊर्जाला मागे एकदा रक्ताची रिअॅक्शन आलेली, सगळं अंग लाल झालेलं. तेव्हापासून तिला वेगळं, खाली पेढीत धुऊन काढलेलं रक्त देतात. ते लिहिलेलं तरी आहे ना त्याच्यात?"

क्षिप्राने नोंद उघडली. आता ती क्षणात उघडत होती, आणि त्या वेगाचीच तिला लाज वाटली. जुनी नोंद ठेवायची हा तिचा नियम. उर्वीची नोंद आधीची, म्हणून तिचे शेरे राहिले. ऊर्जाच्या रिअॅक्शनचा शेरा कुठेच नव्हता.

"नाहीये, ताई," ती म्हणाली. काहीतरी मोघम बोलून वेळ मारून नेता आली असती, पण त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघून ते जमेना. "सिस्टीमने आपोआप काही केलेलं नाही. मी केलंय. एका माणसाच्या दोन नोंदी झाल्यात असं मला वाटलं आणि मी त्या एक केल्या. दोन मुली असतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्याकडे आधीची प्रत आहे. तिच्यात तो शेरा आहे. मी तो परत आणणार आणि तुम्हाला वाचून दाखवणार. तोवर मी इथून हलणार नाही."

नंदाताईंनी मुलींकडे पाहिलं. "दोघी एका फोनवर आहेत म्हणून एकच धरलंत?"

"हो."

"आमच्या घरात सहा माणसं आहेत एका फोनवर," नंदाताई म्हणाल्या आणि परत बाकावर जाऊन बसल्या. आवाज चढला नव्हता. चढला असता तर क्षिप्राला सोपं गेलं असतं.

ऊर्जा मात्र टेबलाजवळच रेंगाळली. "म्हणजे मी आता उर्वी झाले का?"

"नाही गं. तू ऊर्जाच."

"मग मला झालेली इंजेक्शनं उर्वीच्या नावावर धरू नका. मला जास्त झालीत."

सिस्टर हसल्या. क्षिप्रालाही हसू आलं, पण डोळ्यांत पाणी घेऊनच.

त्र्यंबककाकांना कुणीतरी फोन केला असावा. ते नौपाड्याहून आले, काठी भिंतीला टेकवली आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. आता हे काय बोलतील, याची क्षिप्राने मनात तयारी केली. शनिवारचं आपलं बोलणं शब्दन् शब्द तिला आठवत होतं.

"प्रत कधीची आहे?" त्यांनी विचारलं.

"शनिवार सकाळची."

"शाबास. म्हणजे त्यानंतरच्या नोंदी तेवढ्या तिच्यात नसतील. ती अख्खी परत ठेवलीस तर शनिवारपासून ज्यांना रक्त दिलं ते पुसलं जाईल."

"तेच. म्हणून जुनी प्रत बाजूला उघडायची आणि ज्या ज्या नोंदी मी मिसळल्या, त्या एकेक करून वेगळ्या काढायच्या. पण काका, दात्यांच्या खऱ्या जोड्या कोणत्या आणि मुलांच्या कोणत्या हे ओळखायचं कसं? रुग्ण असा शिक्काच नाही टेबलात."

"आहे की. के-सात."

क्षिप्राने वळून पाहिलं.

"दात्याला तो रिकामा. रुग्णाला एक. त्याच मोबाईलवर त्याच घरातलं दुसरं मूल आलं की दोन, तिसरं आलं की तीन. या दोघी बहिणी पहिल्यांदा आल्या तेव्हाच तो रकाना घातला होता मी." ते जरा ओशाळून हसले. "नाव मात्र धड दिलं नाही. तेव्हा मनात होतं, नंतर सावकाश देऊ. के-सात वाचून कुणाला काय कळणार? मलाच परवा आठवायला वेळ लागला."

"मी विचारायला हवं होतं," क्षिप्रा म्हणाली. "तुम्ही पलीकडच्या खोलीत होतात. मी शनिवारी तुमच्या कामाला हसले, काका. सगळ्यांसमोर."

"हसलीस, पण जे बोललीस ते खरंच होतं गं. एका टेबलात कोंबलं हे चूकच होतं. मी ते वेगळं ठेवलं असतं, तर तुझा नियम मुलांपर्यंत पोचलाच नसता." काकांनी चष्मा लावला. "आता आधी ही दोन लेकरं सोडवू. बाकीचं बोलणं नंतर."

दोघांनी आधी ऊर्जाची नोंद जुन्या प्रतीतून उचलून जागेवर ठेवली. काकांनी एकेक ओळ मोठ्याने वाचायची, क्षिप्राने ताडून बघायची. रक्तगट, गोळ्या, रिअॅक्शनचा शेरा. मग क्षिप्राने स्क्रीन वळवला आणि नंदाताईंना बोलावून सगळं वाचून दाखवलं. नंदाताईंनी एका गोळीचं प्रमाण मागच्या महिन्यात वाढवल्याचं सांगितलं. ते खरंच तिथे होतं, तरी सिस्टरांनी डॉक्टरांना विचारून खात्री केली. दोन चिठ्ठ्या निघाल्या. त्या दिवशी सिस्टर स्वतः चिठ्ठ्या घेऊन खाली गेल्या आणि नमुने दोनदा जुळवून घेऊनच वर आल्या.

मुलींना रक्त लागेपर्यंत दुपार झाली. नेहमीपेक्षा बराच उशीर. उर्वीला तर बसवतही नव्हतं, ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजली होती. क्षिप्राला ते दृश्य पुढे पुष्कळ दिवस दिसत राहिलं. तिच्या कामात चूक झाली की ग्राहक चिडायचे, ई-मेल यायचे, फार तर वरिष्ठ बोलवून घ्यायचे. चुकीपायी कुणी पलंगावर असं निपचित पडलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी निघताना नंदाताई तिच्या टेबलापाशी थांबल्या. "होतं मॅडम असं. पण परत नको."

"नाही होणार."

"आणि तो फोनचा नंबर. तो बघून माणूस ओळखू नका. पुढच्या महिन्यात आमचे हे मोबाईलचा नंबर बदलून घेतायत."

बाकीच्या जोड्या सोडवायला पुढचे काही शनिवार गेले. मुलांच्या नोंदी के-सातमुळे चटकन निवडता आल्या. सुदैवाने तशी दुसरी एकच जोडी निघाली आणि त्या मुलांची पाळी अजून यायची होती. दात्यांच्या बाबतीतही नियम सगळीकडे खरा नव्हता. रतन आणि रवींद्र असे दोन भाऊ एक झाले होते. शाळेत घालताना दोघांची जन्मतारीख एक जून लावलेली, आणि सालही कुणीतरी अंदाजाने एकच टाकलेलं. क्षिप्रा आणि काका शेजारी बसून फोन लावत. काका बोलत, ती लिहून घेई. "नमस्कार, रक्तसेवा केंद्रातून बोलतोय. आपण एकच आहात की दोघे?" असं काकांनी एकाला विचारलं तेव्हा समोरच्या इसमाने आधी फोन कुठून आलाय तेच पुन्हा विचारून घेतलं होतं.

मग त्यांनी सगळी रचनाच नव्याने मांडली. रुग्ण वेगळे, दाते वेगळे. प्रत्येक मुलाला केंद्राचा स्वतःचा क्रमांक, जो कधी बदलणार नाही आणि दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. मोबाईल हा पालकाचा, आणि एका पालकाची हवी तितकी मुलं. दिलेली प्रत्येक पिशवी स्वतंत्र ओळीत. रक्तगट आणि रिअॅक्शनचा शेरा बदलायचा असेल तर दोन माणसांची संमती हवी, नाहीतर डेटाबेसच अडवेल. ही शेवटची कल्पना काकांची. बँकेत मोठी रक्कम हलवायची तर दोन सह्या लागायच्या, तसंच. प्रत्येक रकान्याला वाचून कळेल असं नाव आणि खाली तो कशासाठी आहे याची एक ओळ. याबाबतीत काका आता क्षिप्रापेक्षा कडक झाले होते. तिने घाईत कुठे 'टेम्प', म्हणजे नुसतं 'तात्पुरतं', असं नाव दिलं की ते काठीने टेबलावर टकटक करत.

इंडेक्स त्यांना मनापासून आवडला होता. कुठला शोध कुठल्या सूचीतून जातो ते ती त्यांना दाखवायची. एकदा उत्साहाच्या भरात त्यांनी प्रत्येक रकान्यावर सूची बांधून टाकली, आणि नवी नोंद लिहायलाच वेळ लागायला लागला.

"काका, प्रत्येक नवी नोंद आता या सगळ्या सूच्यांत लिहावी लागते. ज्यातून शोधतो तेवढ्यांनाच सूची."

"असं होय! मला वाटलं, जितक्या जास्त तितकं बरं." आणि ते स्वतःशीच हसत एकेक सूची काढायला बसले.

पावसाळा संपता संपता कल्याणच्या एका छोट्या केंद्राने विचारणा केली, हीच व्यवस्था आमच्याकडे बसवून द्याल का. क्षिप्राने हो म्हटलं आणि काकांना फोन लावला.

"तू जा गं. माझे गुडघे आता जिने चढू देत नाहीत. आणि तुला सगळं येतंय."

"जिने नाहीयेत, तळमजला आहे. मी गाडी सांगते. काका, मला एकटीला नाही जायचं."

ते आले. कल्याणच्या केंद्राचे व्यवस्थापक तरुण आणि उत्साही होते. त्यांनी दोघांना थेट कॉम्प्युटरच्या खोलीकडे नेलं, चहा सांगितला, लॅपटॉप कुठे जोडायचा ते दाखवलं. क्षिप्रा दारातच थांबली. बाहेर बाकावर आया आणि मुलं बसली होती, एक आजोबा नातवाला केळं सोलून देत होते.

"मशीन नंतर बघू," ती म्हणाली. "आधी थोडा वेळ इथे बसलो तर चालेल ना?"

व्यवस्थापक गोंधळले. त्र्यंबककाका तोवर त्या आजोबांच्या शेजारी जागा करून बसलेही होते. "काय नाव बाळाचं?" ते विचारत होते. "आणि हा फोन कुणाचा, तुमचा की सुनेचा?"

क्षिप्राने बॅग पायाशी ठेवली आणि त्यांच्या पलीकडे जाऊन बसली.